माळावर खड्डे खणण्याआधी

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा तोंडावर आला की वृक्षलागवडीची लगबग सुरू होते. पुणे, सोलापूर, सातारा आणि अहिल्यानगर जिल्ह्यांच्या पर्जन्यछायेतील तालुक्यांत त्यासाठी जे खड्डे खणले जातात, त्यांतले बरेचसे गायरानांवर, वनखात्याच्या ताब्यातील माळांवर आणि मुरमाड टेकड्यांच्या उतारांवर असतात. झाडे लावण्याला माझा विरोध नाही. परंतु ज्या जमिनीवर ती लावली जात आहेत, तिथे आधीपासून काय उगवते आहे आणि ते कोणाच्या वावरामुळे टिकून आहे, याचा विचार न करता हे काम होत असल्यामुळे आपण एक समृद्ध वनस्पतिसृष्टी स्वतःच्या हाताने नाहीशी करत आहोत, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या पत्राद्वारे ते वाचकांपुढे मांडण्याची संधी मिळावी, ही विनंती.

माळ म्हणजे पूर्वी कधीतरी जंगल असलेली आणि माणसाने तोडून, चारून उजाड केलेली जमीन, हा समज आपल्याकडे इतका रुजला आहे की सरकारी नोंदींतही अशी बरीच जमीन पडीक म्हणूनच दाखवली जाते. वस्तुस्थिती निराळी आहे. दौंड, इंदापूर, बारामती, फलटण, माण, सांगोला, करमाळा या पट्ट्यात वर्षाकाठी सुमारे पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बेभरवशाचा. बेसाल्टच्या खडकावर जेमतेम वीतभर मुरमाड माती असते. अशा ठिकाणी दाट जंगल वाढत नाही. तिथे गवत वाढते आणि गवताच्या अधूनमधून बोर, हिवर, बाभूळ, पळस, हिंगण अशी विरळ झाडे तग धरतात. देशातील गवताळ प्रदेशांचे जे वर्गीकरण 1973 साली प्रसिद्ध झाले आणि आजही प्रमाण मानले जाते, त्यात दख्खनसह द्वीपकल्पाच्या मोठ्या भागाला पवन्या आणि मारवेल या गवतांच्या कुळांवरूनच नाव दिलेले आहे. या द्वीपकल्पातील गवताळ आणि विरळ झाडीच्या प्रदेशांत जगात अन्यत्र कोठेही न आढळणाऱ्या दोनशेहून अधिक वनस्पती असल्याचे संशोधकांनी दाखवून दिले आहे. त्यांपैकी पुष्कळ जातींचे शास्त्रीय वर्णन तर गेल्या दोन-अडीच दशकांतच झाले. ज्या जमिनीला आपण रिकामी समजतो, तिच्यातून इतक्या उशिरापर्यंत नव्या जाती हाती लागतात, हे पुरेसे बोलके आहे.

या प्रदेशात माणूस आणि त्याची जनावरे आजची नाहीत. शिरूर तालुक्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने केलेल्या उत्खननात इसवी सनापूर्वी 1600 ते 700 या काळातील वस्ती उजेडात आली. तेथील लोक शेती करत, गुरे आणि शेळ्यामेंढ्या पाळत, आणि हवामान अधिक कोरडे होत गेले तसे ते शेळ्यामेंढ्यांवर अधिक अवलंबून राहू लागले, असा निष्कर्ष अभ्यासकांनी काढला आहे. म्हणजे भीमेच्या खोऱ्यातील गवत किमान तीन हजार वर्षे पाळीव जनावरांच्या तोंडाखाली आहे. पुढे मराठ्यांच्या घोडदळाला याच खोऱ्याने भीमथडीची तट्टे दिली आणि घोड्यांच्या वैरणीसाठी कुरणे राखून ठेवली गेली. तेराव्या शतकापासूनच्या मराठी साहित्यात, आख्यायिकांत आणि ओव्यांत आलेल्या रानझाडांच्या उल्लेखांचा अलीकडे अभ्यास झाला, तेव्हाही त्यांत माळावर वाढणाऱ्या झाडाझुडपांचेच प्रमाण अधिक असल्याचे दिसून आले. इंग्रजांच्या काळात जंगलतोड झाली आणि त्यातून हे माळ तयार झाले, ही समजूत त्यामुळे फारशी टिकत नाही.

भाद्रपदात, पाऊस उघडलेला असताना, न खणलेल्या माळावर गुडघे टेकून एक वावभर तुकडा नीट पाहावा. मारवेलच्या प्रत्येक पेऱ्याभोवती पांढऱ्या केसांचे बारीक कडे दिसते. शेजारी पवन्या आणि डोंगरी गवताची ठोंबे असतात. कुसळीची लांब कुसळे ओल लागताच पीळ सोडतात, वाळताना पुन्हा पीळ घेतात, आणि या उलटसुलट वळण्यातून टोकदार बी मातीत खोल रुतवतात. गवताच्या बुडाशी विष्णुक्रांताची निळी फुले, निळीच्या कुळातील जमिनीलगत पसरणाऱ्या जाती आणि मधूनच एखादे कंदीलपुष्प असते, ज्याचे कंद गुराख्यांची मुले आजही उकरून खातात. कंद असलेल्या या वनस्पती वर्षातील आठ-नऊ महिने जमिनीखाली असतात, त्यामुळे चैत्र-वैशाखात जागेची पाहणी करणाऱ्याला तिथे काहीही नाही असेच वाटणार. लागवडीच्या जागा ठरवण्याचे काम मात्र नेमके त्याच महिन्यांत होते.

या सगळ्या वनस्पतींची एक गरज सारखी आहे, ती म्हणजे लख्ख ऊन. गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) किंवा सुबाभूळ यांची दाट लागवड झाली की काही वर्षांत वर सावली धरते, खाली पाल्याचा थर साचतो आणि गवत आधी विरळ होऊन मग संपते. पुण्याच्या टेकड्यांवर गिरिपुष्पाच्या दाट, एकसुरी झाडोऱ्याखाली हे कोणालाही पाहता येईल. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याला फिकट गुलाबी बहर येतो आणि लोक कौतुकाने छायाचित्रे काढतात, पण त्या झाडोऱ्याखाली मेंढीला तोंड लावण्यासारखे काही उरलेले नसते.

लागवडीआधी यंत्राने खणले जाणारे सलग समतल चर याहूनही अधिक नुकसान करतात. साधारण दोन फूट रुंद आणि फूट-दीड फूट खोल असे हे चर उतारावर ओळीने काढले जातात. उघड्या, धूप झालेल्या उतारावर त्यांचा उपयोग आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु जिथे बहुवर्षायू, म्हणजे वर्षानुवर्षे टिकणाऱ्या गवताची घट्ट वीण आहे, तिथे माती आणि पाणी धरून ठेवण्याचे काम ते गवत आधीच करत असते. चर खणताना वीतभर माती खाली जाते आणि मुरूम वर येतो. त्या मुरमाच्या वरंब्यावर मारवेल पुन्हा येत नाही, तर तरोटा येतो, गाजरगवत येते, आणि अलीकडे पिवळ्या-नारिंगी फुलांचा कॉसमॉस येतो. 1955 च्या सुमारास पुण्यात प्रथम नोंदले गेलेले गाजरगवत देशभर कसे पसरले, हे सर्वांना ठाऊक आहे. आमच्या तालुक्यातील एका गायरानावर काही वर्षांपूर्वी असेच चर काढले गेले. लावलेल्या रोपांपैकी बहुतेक दुसऱ्या उन्हाळ्यात वाळली. चर मात्र तसेच आहेत, आणि मेंढरे आता त्या उताराला फिरकत नाहीत.

जनावरांच्या चराईकडे आपण केवळ नासाडी म्हणून पाहतो, हीही मोठी चूक आहे. बेसुमार चराईने माळ खराब होतो, यात शंका नाही. जनावरांना आवडणारे पवन्या आणि डोंगरी गवत अशा ठिकाणी सर्वांत आधी नाहीसे होते आणि कुसळी माजते. पण तारेचे कुंपण घालून चराई आणि कापणी दोन्ही कायमची बंद केली, तर दोन-चार उंच गवते बाकीच्यांना झाकून टाकतात, वाळलेल्या काडीचा थर साचत जातो, लहान फुलझाडांना ऊन मिळेनासे होते आणि वणव्याला आयते सरपण मिळते. या दोन टोकांच्या मध्ये जे व्यवस्थापन होते, ते आपल्या गावांनी पिढ्यान्‌पिढ्या केलेले आहे. पावसाच्या सुरुवातीपासून कुरण राखायचे, गवत निसवून बी पडले की दिवाळीच्या आगेमागे कापणी करायची, मग राहिलेल्या धसकटावर जनावरे सोडायची, असा हा क्रम होता. याच काळात धनगरांचे वाडे, म्हणजे त्यांचे फिरते तळ, मेंढरे घेऊन गावोगाव फिरत राहात, त्यामुळे एकाच माळावर वर्षभर ताण येत नसे. मेंढरे रिकाम्या रानात रात्री बसवली की शेतकऱ्याला खत मिळे, आणि बाभळीच्या शेंगा खाल्लेल्या शेळ्यामेंढ्यांच्या लेंड्यांतून नव्या जागी बी पोहोचे. माळ, ओढा, बांध, ज्वारी-बाजरीचे रान, एखादे वर्ष पडीक ठेवलेला तुकडा आणि त्यांना जोडणाऱ्या मेंढरांच्या वाटा, असे जे भूदृश्य या तालुक्यांत होते, ते निसर्ग आणि माणूस यांनी मिळून घडवले होते. लांडगा, चिंकारा आणि धाविक, तणमोर यांसारख्या पक्ष्यांना त्यातच जागा मिळाली.

ही रचना आता अनेक बाजूंनी तुटते आहे आणि त्याला केवळ वनखाते जबाबदार नाही. उजनी धरणाचे पाणी आले तसा ऊस माळाच्या कडेपर्यंत सरकला, बांध नांगरले गेले, आणि आता सौरऊर्जा प्रकल्पांसाठीही गायरानांकडेच बोट दाखवले जाते. सौरऊर्जा हवी, परंतु गायरान ही कोणाच्याही उपयोगात नसलेली जमीन आहे असे गृहीत धरून ती देऊ नये. माळढोकासाठी 1979 साली घोषित झालेल्या नान्नजच्या अभयारण्याची कथा सर्वश्रुत आहे. जमिनीवर उघड्यावर एकच अंडे घालणारा आणि दूरवर नजर टाकून शत्रूपासून सावध राहणारा हा पक्षी आज तिथे जवळजवळ दिसेनासा झाला आहे. त्याची कारणे अनेक आहेत, तरी मोकळ्या माळाचे तुकडे पडणे हे त्यांतले मुख्य आहे.

आकड्यांच्या हिशेबाने या प्रश्नात भर घातली आहे. 1988 च्या राष्ट्रीय वननीतीने देशाचे एक तृतीयांश क्षेत्र वनाखाली अथवा वृक्षाखाली आणण्याचे उद्दिष्ट ठेवले. देशाच्या वनस्थिती अहवालात एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जागेवर झाडांच्या पर्णछत्राचे प्रमाण दहा टक्के वा अधिक असेल, तर ती जागा वनाच्छादनात धरली जाते, मग झाडे कोणत्याही जातीची असोत आणि जमीन कोणाचीही असो. कोकणातील जांभ्याचे सडे, म्हणजे उघडी खडकाळ पठारे, सुरुंगाने फोडून, बाहेरून माती आणून आंब्याची बाग केली, तर त्या सड्यावरचे पावसाळी फुलांचे ताटवे आणि पाण्याची डबकी नष्ट होतात, तरीही कागदावर हिरवे क्षेत्र वाढलेलेच दिसते. याउलट, उत्तम अवस्थेतील माळाला या हिशेबात जागाच नाही. आपल्या राज्याने 2017 ते 2019 या तीन वर्षांत पन्नास कोटी झाडे लावण्याचा संकल्प सोडला होता. इतकी मोठी संख्या पुरी करायची म्हटल्यावर मोकळी दिसणारी सरकारी जमीन शोधली जाणार आणि ती माळावरच सापडणार, हे ओघानेच आले.

शेजारच्या गुजरातने यापूर्वीच याची किंमत मोजली आहे. कच्छमधील बन्नीच्या विस्तीर्ण गवताळ प्रदेशात 1961 साली खाऱ्या वाळवंटाचा प्रसार रोखण्यासाठी वेड्या बाभळीची लागवड केली गेली. हेतू चांगलाच होता. परंतु ही बाभूळ तिथे इतकी फोफावली की गवताचा मोठा भाग तिने गिळला आणि मालधारी पशुपालकांच्या गुरा-म्हशींची चराई आक्रसली. एकदा लावलेले झाड काढून गवत परत आणणे किती कष्टाचे आहे, हे तिथल्या लोकांना आजही अनुभवावे लागत आहे.

हवामानबदलाच्या नावाने माळावर झाडे लावण्याचे समर्थन केले जाते, त्यालाही उत्तर आहे. गवताळ प्रदेश आपला बराचसा कार्बन जमिनीखाली, मुळांत आणि मातीत साठवतात, आणि वणवा आला तरी तो तिथेच राहतो. पाचशे मिलिमीटरच्या पावसात टँकरच्या पाण्यावर वाढवलेले झाड तो मातीतला कार्बन खणूनच लावले जाते.

पुणे वनविभागाने कडबनवाडी आणि शिर्सुफळ येथे माळ पाहण्यासाठी सफारी सुरू केली, याचे मनापासून स्वागत करायला हवे, कारण माळ जपण्याजोगा आहे हे सरकारी यंत्रणेने त्यातून मान्य केले आहे. तीच दृष्टी लागवडीच्या आराखड्यातही उतरावी. गायरानावर किंवा माळावर लागवड वा चर मंजूर करण्यापूर्वी त्या जागेची एक पाहणी श्रावण-भाद्रपदात झालीच पाहिजे, आणि तिथे बहुवर्षायू गवत चांगल्या स्थितीत आढळल्यास ती जागा लागवडीतून वगळली पाहिजे. झाडे ओढ्याकाठी, बांधांवर, रस्त्यांच्या कडेला, गावठाणात आणि शाळांच्या आवारात लावता येतात, जिथे त्यांना पाणी मिळेल आणि माणसांना त्यांची सावली. खराब झालेल्या माळावर पवन्या, मारवेल आणि डोंगरी यांचे ठोंब व बी लावून दोन-तीन वर्षे कुरण राखण्याचे काम रोजगार हमीतून घेता येईल, आणि त्याचे यश जगलेल्या रोपांवरून नव्हे, तर किती जातींची गवते परतली यावरून मोजावे. वनहक्क कायदा 2006 ने चराईचा हक्क मान्य केलेला आहे. तेव्हा कोणता माळ केव्हा राखायचा आणि केव्हा चारायचा, हे ठरवताना गावकऱ्यांबरोबर त्या वाटेने येणाऱ्या मेंढपाळांनाही बैठकीला बोलावले पाहिजे.

ग्रामपंचायतींमध्ये जैवविविधता व्यवस्थापन समित्या आहेत आणि लोकजैवविविधता नोंदवह्याही तयार झाल्या आहेत. आपल्या गावच्या नोंदवहीत माळावरची गवते, कंद आणि फुलझाडे नोंदलेली आहेत का, हे वाचकांनी ग्रामपंचायतीत जाऊन पाहावे. नसतील, तर येत्या पावसाळ्यात एखाद्या जाणत्या मेंढपाळाला आणि जवळच्या महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांना सोबत घेऊन ती नोंद करून घ्यावी, आणि ती होईपर्यंत त्या माळावर चर खणण्यास संमती देऊ नये, असा ठराव ग्रामसभेत मांडावा.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक,
इंदापूर, जि. पुणे