वाकत नाही म्हणालास, त्यावर

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

गुडघा बदलून पाच आठवडे झाले तुला. काल फोनवर एवढंच म्हणालास, "वाकत नाही रे," आणि गप्प झालास. तो आवाज मला ओळखीचा वाटला, म्हणून लिहायला बसलो. फोनवर तू विषय बदलला असतास.

माझा गुडघाही पाचव्या आठवड्यात ८० अंशांवर अडला होता. खुर्चीतून नीट उठायला साधारण ९० तरी लागतात. एक्स-रे चांगला, टाके भरलेले, सूजही उतरणीला लागलेली. तरी पलंगावर टाच मागे ओढायला घेतली की गुडघा वाकायच्या आधीच मांडी दगडासारखी आवळायची. घरच्यांवर चिडायचो आणि "व्यायाम झाला" म्हणून सांगायचो. झालेला नसायचा. हे तुला आज पहिल्यांदा सांगतोय.

एके दिवशी फिजिओथेरपिस्ट बाईंनी कोन मोजायचं थांबवून विचारलं, "दुखेल याची भीती वाटते, की आत काही तुटेल याची?" मला रडूच कोसळलं. प्रत्येक कळेला वाटायचं, बसवलेला सांधा निसटला! या भीतीला वैद्यकात नाव आहे म्हणाल्या, कायनेसिओफोबिया. ती मोजायला १७ विधानांची प्रश्नावलीसुद्धा आहे. मला त्या नावानंच किती हलकं वाटलं! भीतीपोटी हालचाल टाळली की स्नायू रोडावतो, सांधा आखडतो, मग जरा हललं तरी जास्त दुखतं आणि भीती खरीच होती असं वाटू लागतं. त्यातच सुजलेल्या सांध्यामुळे मांडीच्या पुढच्या स्नायूला पुरती आज्ञाच पोचत नाही. तेव्हा स्वतःला आळशी म्हणणं आधी बंद कर.

आणि वेदनेचं सांगतो. मेलझॅक आणि वॉल या दोघा संशोधकांनी १९६५ साली मांडलं की, कळ मेंदूकडे जाताना पाठीच्या कण्यात जणू एक दार असतं, आणि मेंदूही ते कमीजास्त उघडू शकतो. पुढच्या संशोधनानं तपशील बदलले, पण काळजी आणि जागरणानं तीच कळ जास्त दुखते, हे मी स्वतः अनुभवलंय. रात्री तीनला छताकडे बघत पडलेल्या माणसाचा गुडघा सकाळी जास्तच दुखतो.

घरचे तुला जागेवर सगळं आणून देत असतील. मायेनं करतात, पण उठण्याचं कारणच उरत नाही. त्यांना सांग, "नुसते शेजारी बसा, मी उठतो." मला हे उशिरा सुचलं.

आठवतं, तेव्हा तू रोज संध्याकाळी फोन करायचास? स्पीकरवर टाकून मी टाच ओढायचो आणि तू आकडे मोजायचास. तुला ती गंमत वाटत असेल. माझं खोटं बोलणं त्या फोनमुळे थांबलं. महिन्याभरात १०५ अंशांपर्यंत पोचलो. सगळं श्रेय फोनला देत नाही, औषधं होती, बाईंचे हात होते. पण फोन नसता तर मी त्यांच्यापर्यंत गेलोच नसतो.

आता दोन गोष्टी कर. कोन अडलाय हे सर्जनना दाखव, आणि भीती वाटते हे फिजिओला त्याच शब्दांत सांग. दोन आठवडे कशातच मन लागत नसेल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाल, त्यावर उपचार आहेत. मात्र ताप आला, जखम लाल होऊन वाहू लागली, पोटरी सुजून दुखू लागली, तर मनाला दोष देत बसू नकोस, लगेच दवाखाना गाठ. दम लागला किंवा छातीत दुखलं तर एक क्षणही थांबू नकोस.

उद्या संध्याकाळी सहाला फोन करतो. उचल. बोलावंसं वाटलं नाही तर बोलू नकोस, आकडे मी मोजीन.

तुझाच,
जुना सोबती