अण्णा आणि कळलावी

प्रिय बंड्या,

तब्येतीचं आधी उरकतो. मी बरा, हिची शुगर आटोक्यात, अण्णांचा पायाचा अंगठा टम्म सुजलाय. सगळं रामायण त्या अंगठ्यावरूनच.

गाउट निघाला, म्हणजे युरिक ॲसिडची सांधेदुखी. डॉक्टरांनी कोल्चिसिनची 0.5 मिलिग्रॅमची गोळी लिहून दिली. आमच्या चिरंजीवांनी मोबाइलवर बघून आजोबांना सांगितलं, की हेच औषध कळलावीच्या रानवेलातही असतं. दुसऱ्या दिवशी अण्णा काठी टेकत देवराईच्या बांधावर! श्रावणात तिथे कशी लाल-पिवळी आग लागते, तुला माहीत आहे. कंद खणून आणला आणि मला ऐकवतात, "रानात फुकट उगवतं, त्याचे मेडिकलवाल्याला पैसे कशाला?"

पंचाईत ही, की म्हातारा अर्धा बरोबर आहे. द्रव्य तेच. पण गोळीत किती ते मोजलेलं. कंदात किती ते कंदालाच ठाऊक. पेशींचं विभाजनच थांबवतं ते. जास्त गेलं तर आधी काही तास काहीच होत नाही (अण्णा तेवढ्यात "बघ, काय झालं?" म्हणून मोकळे), मग उलट्या, जुलाब, मग मूत्रपिंड. माणूस वाचला तरी केस झडतात. अण्णांना केसांची भीती घालण्यात अर्थ नाही, पण क्रिएटिनिन (रक्तातलं मूत्रपिंडाचं माप) आधीच वर आहे. उकळून विष जात नाही हे सांगितलं, तर म्हणे आयुर्वेदात ही कळलावी 'लांगली' म्हणून आहे, गोमूत्रात शुद्ध करतात. आहे ना! उपविषांच्या, म्हणजे दुय्यम विषांच्या, यादीत आहे. आणि ते शोधन वैद्याने करायचं, न्हाणीघरातल्या डालड्याच्या डब्यात नव्हे. डबा मी दोनदा ओतला. आता कंद कुठे लपवलाय कळत नाही. हिने तांदळाचं पिंपसुद्धा उपसलं.

माझं ऐकत नाहीत. मी त्यांच्या लेखी अजून नापास झालेला बाळू. पण तुझी आजी म्हणजे प्रमाण. "तिने किती बाया सोडवल्या कळलावीने," हे रोज चालू आहे. अरे, पण कशा सोडवल्या? कंद उगाळून बेंबीखाली आणि तळपायाला लेप. मूल बाहेर आलं की लगेच धुऊन काढायची, एक क्षण ठेवायची नाही. पोटात कुणाच्या दिला होता का कधी? त्याची सहाणसुद्धा वेगळी, वर फळीवर. त्या सहाणेवर आपण चंदन उगाळलं तेव्हाचा मार आठवतो? आठवणार कसा, तू माळ्यावर होतास, खाल्ला मी. शिवाय घरात कळलावीचं फूल आलं की भांडणं लागतात म्हणून माझ्या दप्तरात ते कुणी कोंबलं होतं, तेही मला माहीत आहे. भांडण लागलंच त्या दिवशी. आता कंदाने पुन्हा लावलंय, तर निस्तरायला तूच ये.

म्हणजे फोन कर. "आजी पोटात देत नसे," एवढं वाक्य तुझ्या तोंडून जाऊ दे, आणि कंद कुठे आहे ते गोडीत काढून घे. तुला सांगतील.

तुझ्या बदलीचं काय झालं? सोनूला दहावीचं अभिनंदन, पेढे उधार. वहिनींना नमस्कार.

फोन सकाळी दहाच्या आत कर. नंतर ते कानातलं यंत्र काढून ठेवतात.

तुझा,
बाळू