‘निरंक’ लिहिण्याआधी फ्रिज उघडा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

पल्स पोलिओचा रविवार आला की वर्तमानपत्रांत कुणी ना कुणी पुढारी बाळाला डोस पाजतानाचे छायाचित्र येते. येऊ दे, त्याने बूथवर चार माणसे जास्त येतात. पण पोलिओच्या कामात एक दिवस असाही होऊन गेला की ज्या दिवशी मुख्य काम द्यायचे नव्हते, काढून घ्यायचे होते. तारीख २५ एप्रिल २०१६. तोंडावाटे द्यायची जुनी लस त्या दिवशी देशभर बंद झाली आणि तिच्या जागी नवी आली. या बदलानंतर झालेल्या तपासणीत मी स्वतः होते. ती आठवण आता लिहून ठेवावी असे वाटते, कारण असाच आणखी एक बदल पुढे यायचा आहे.

जुन्या लसीत पोलिओचे तिन्ही प्रकारचे विषाणू असत, १, २ आणि ३. दुर्बळ केलेले, पण जिवंत. यातल्या दुसऱ्या प्रकारचा मूळ रानटी विषाणू जगात शेवटचा सापडला तो १९९९ साली, आपल्याच देशात, अलीगढला. २०१५ मध्ये तो प्रकार जगातून संपल्याचे जाहीरही झाले. म्हणजे नंतरच्या काळात दुसऱ्या प्रकारचा विषाणू जगात येत होता तो फक्त आपण पाजत असलेल्या लसीतूनच. लस घेतलेल्या बाळाच्या शौचातून हा विषाणू बाहेर पडतो. वस्तीतल्या बहुतेक मुलांचे लसीकरण झालेले असेल तर तो तिथेच विझतो. मुले अर्धी सुटलेली असतील तर या मुलाकडून त्या मुलाकडे फिरत राहतो आणि फिरता फिरता पुन्हा लुळे करण्याची ताकद कमावतो. लसीतून असे जे उद्रेक होत, त्यांतले बहुतांश दुसऱ्या प्रकाराचे होते. म्हणून तो घटकच लसीतून काढायचा ठरला. १७ एप्रिल ते १ मे २०१६ या दोन आठवड्यांत जगातल्या १५५ देशांनी आणि प्रदेशांनी हा बदल केला.

सगळ्यांनी एकाच वेळी का? समजा एका तालुक्याने ‘साठा आहे तो संपवू’ म्हणून जुनी लस पुढे महिनाभर पाजली. शेजारच्या तालुक्यात या काळात जन्मलेल्या बाळांना दुसऱ्या प्रकाराविरुद्धचे थेंब मिळालेलेच नाहीत. विषाणूला तालुक्याची हद्द कळत नाही. त्या बाळांना थोडे तरी कवच असावे म्हणून टोचायची पोलिओ लस आधी सुरू केली होती. जगभर तिचा तुटवडा, म्हणून महाराष्ट्रासह काही राज्यांत ती अंशतः, म्हणजे ०.१ मिली, दंडाच्या कातडीत देण्याचे ठरले. कातडीत सुई धरणे किती नाजूक काम आहे हे आमच्या विद्यार्थिनींना शिकवताना माझा घसा बसला होता. तो विषय वेगळा.

मी त्या वेळी परिचारिका प्रशिक्षण केंद्रात शिकवत होते. लसीच्या साठ्याशी आमचा काही संबंध नव्हता, म्हणूनच मॉनिटर म्हणून आमच्यासारख्यांना घेतले. ज्याने लस सांभाळली त्यानेच ‘माझ्याकडे शिल्लक नाही’ असा दाखला देऊ नये, हा त्यामागचा विचार, आणि तो शंभर टक्के योग्य होता. ९ मेपर्यंत जुनी लस शीतसाखळीतून, म्हणजे लस थंड ठेवणाऱ्या सगळ्या फ्रिज-पेट्यांतून, हटल्याची खात्री करायची होती. माझ्या वाट्याला शेजारच्या तालुक्यातली अकरा ठिकाणे आली. दोन दिवस, एक जीप आणि मराठवाड्यातला मे महिना.

प्राथमिक आरोग्य केंद्रांचे कौतुक आधी करते, कारण ते सहसा कुणी करत नाही. एका केंद्रावरचे फार्मासिस्ट निवृत्तीला आलेले. आयएलआरचे, म्हणजे लस ठेवायच्या खास फ्रिजचे, झाकण उघडण्याआधी त्यांनी मला तापमानाची वही दाखवली. सकाळ-संध्याकाळ नोंद, एकही दिवस कोरा नाही, रविवारसुद्धा. जुन्या लसीच्या व्हायल, म्हणजे छोट्या बाटल्या, मोजून, पिशवीत बांधून, वर चिठ्ठी लावून त्यांनी २४ तारखेलाच वेगळ्या ठेवल्या होत्या आणि जिल्ह्याला परत पाठवल्याची पोच फायलीत लावलेली होती. लाईट गेली होती. जनरेटरचा आवाज इतका, की आम्ही एकमेकांच्या कानाशी बोलत होतो. त्यांनी एक व्हायल हातात देऊन विचारले, “मॅडम, चष्मा आहे ना? मग लेबल वाचा.” जुनी आणि नवी व्हायल वरवर पाहिली तर बहिणी-बहिणी. बारीक इंग्रजी अक्षरांत तीन प्रकार लिहिलेत की दोन, एवढाच फरक. त्यांनी दोन्ही शेजारी ठेवून सिस्टर, आशा, शिपाई अशा सगळ्यांना ओळखायला लावले होते. असा आदेश कुठल्याही परिपत्रकात माझ्या तरी वाचण्यात नव्हता.

खरी गंमत दुसऱ्या दिवशी झाली. यादीत तालुक्याच्या गावातला एक खासगी बालरुग्ण दवाखाना होता. मालक डॉक्टर चांगले, हात गुण देणारा. बाहेर चाळीस पेशंट बसलेले. मी कार्ड दाखवले, ते म्हणाले, “आम्ही लिहून दिलंय की. निरंक.” खरेच दिले होते. फायलीत तालुक्याला पाठवलेल्या पत्राची प्रत होती, ‘शिल्लक साठा : निरंक’, खाली सही-शिक्का. सरकारी कामात वावरलेल्या माणसाला ‘निरंक’ या शब्दाची ताकद माहीत असते. एकदा तो कागदावर उमटला की पुढचे सगळे टेबल सुखाने झोपतात.

मी म्हटले, फ्रिज पाहते. फ्रिज साधा घरगुती, तपासणीच्या खोलीच्या मागे. वरच्या कप्प्यात नवी लस नीट मांडलेली. खाली इन्सुलिन, कुणाचे तरी ताकाचे पातेले. आणि दारातल्या कप्प्यात, जिथे आपण घरी लिंबं आणि सॉसची बाटली ठेवतो तिथे, खोकल्याच्या औषधाच्या मागे, तीन व्हायल. दोन सीलबंद, एक उघडलेली. लेबल वाचले. तीन प्रकार.

व्हायलवरच्या खुणेकडे पाहिले. वर्तुळातला चौकोन अजून वर्तुळापेक्षा फिका होता. म्हणजे उष्णता फार लागली नव्हती आणि आतला विषाणू अजून जिवंत होता. एका व्हायलमध्ये वीस डोस. डॉक्टर आले, पाहिले, चेहरा पडला. लबाडी नव्हती ती. पत्र लिहिले स्वागतकक्षातल्या मुलीने, कंपाउंडरने वरचा कप्पा पाहून ‘नाही’ सांगितले, डॉक्टरांनी शंभर कागदांत एक सही केली. डॉक्टर जरा चिडून म्हणाले, “तीन व्हायलनी काय आभाळ कोसळणार आहे?” तेवढ्यात तत्पर कंपाउंडरने त्या व्हायल उचलल्या आणि म्हणाला, “थांबा, बेसिनमध्ये ओतून टाकतो.”

संपादक महोदय, मी आयुष्यात इतक्या जोरात क्वचितच ओरडले असेन. सारा देश ज्या विषाणूला गटारात जाऊ द्यायचे नाही म्हणून राबत होता, तो हा भला माणूस थेट नळाखाली सोडायला निघाला होता. मग मी त्यांना सांगितले की या व्हायल आधी उकळून किंवा ऑटोक्लेव्ह करून निकामी कराव्या लागतात, मगच त्यांची विल्हेवाट. पिशवीत बांधल्या, ‘वापरू नये’ लिहिले, पोच दिली आणि जिल्ह्याला नेल्या. कंपाउंडरने जाताना चहा पाजला. त्याचे काही चुकले नव्हते. शिल्लक लस ‘जमा करा’ असे त्याच्यापर्यंत पोचले होते, ‘ओतू नका’ हे नव्हते.

अकरांपैकी हे एकच ठिकाण निघाले. पण यादीत तो दवाखाना आला तो निवडीने, आणि त्या गावात लस देणारे आणखी दवाखाने होते, जे कुणाच्याच यादीत नव्हते. ही लस फ्रीझरमध्ये दोन वर्षे टिकते, साध्या थंडाव्यातही काही महिने. विसरलेली व्हायल आपोआप मरत नाही.

आता ‘दहा वर्षांनी हे उकरून काय मिळणार’ असे कुणी विचारेल. नंतरच्या दोन गोष्टी आठवून पाहा. २०१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गाझियाबादच्या एका कारखान्यात तयार झालेल्या नव्या लसीतच दुसऱ्या प्रकारचा विषाणू निघाला. उत्तर प्रदेशातल्या मुलांच्या शौचाच्या नमुन्यांत तो दिसला म्हणून हे उघडकीला आले. ती लस आपल्या महाराष्ट्रातही आली होती. आम्ही फ्रिजच्या दारातल्या तीन व्हायलसाठी घसा कोरडा करत होतो आणि माल कारखान्यातूनच तसा येत होता, हे वाचून त्या दिवशी मला जेवण गेले नाही. दुसरी गोष्ट ३१ जानेवारी २०२१ ची, यवतमाळ जिल्ह्यातली. बारा बालकांना पोलिओच्या डोसाऐवजी सॅनिटायझर पाजले गेले. मुले वाचली. हातातल्या बाटलीचे लेबल वाचायची सवय नसली की काय होते ते त्या दिवशी राज्याने पाहिले. मला ते फार्मासिस्ट आठवले. “चष्मा आहे ना?”

जगात तर या बदलाचे फळ मिश्रच मिळाले. दुसऱ्या प्रकारचे लसजन्य उद्रेक आफ्रिकेत थांबले नाहीत. २०२२ मध्ये लंडनच्या सांडपाण्यात तो विषाणू सापडला, त्याच वर्षी न्यूयॉर्क राज्यात एक तरुण लुळा झाला, २०२४ मध्ये गाझात दहा महिन्यांचे बाळ. याचे खापर कुणाच्या फ्रिजवर फोडता येणार नाही. जिथे मुले लसीकरणातून सुटलेली होती तिथे हा विषाणू फिरत राहिला, हेच मुख्य कारण. आपल्याकडे सांडपाण्याची तपासणी मुंबईत २००१ पासून सुरू आहे आणि परळला हाफकिनच्या आवारात त्यासाठी तोलामोलाची प्रयोगशाळा आहे. पण नाल्यात सापडले म्हणजे घटना घडून गेलेली असते. फ्रिज ही त्याच्या आधीची जागा.

पुढचा बदल असा : रानटी पोलिओ आता फक्त पाकिस्तान आणि अफगाणिस्तानात उरला आहे. तो तिथूनही संपला की आजची तोंडावाटे द्यायची लसही पूर्ण बंद करायची आहे. तेव्हा एकाच दिवशी देशातल्या प्रत्येक फ्रिजमधून ती काढावी लागेल. तारीख ठरायची आहे, पण तयारीला तारीख लागत नाही. आज सरकारी शीतसाखळी केंद्रांतला साठा ई-विन या लससाठ्याच्या संगणकीय नोंदीमुळे मोबाईलवर दिसतो, ही मोठीच सोय. खासगी दवाखान्यातला फ्रिज त्या पडद्यावर दिसत नाही. त्यामुळे लस ठेवणाऱ्या प्रत्येक खासगी दवाखान्याची, नर्सिंग होमची आणि औषध दुकानाची यादी तालुकावार आत्ताच करायला घ्यावी. त्या वेळी धावाधाव करून यादी केली की त्यात नेहमीचे दहा लोक येतात. मॉनिटर दुसऱ्या तालुक्यातला, दुसऱ्या खात्यातला असावा आणि त्याने आधी फोन करून जाऊ नये. तपासणीच्या फॉर्मवर ‘आढळले का : होय/नाही’ एवढाच रकाना नको, ‘कोणते कप्पे उघडून पाहिले’ हाही हवा. हसू येईल, पण दाराचा कप्पा वेगळा लिहावा.

आणि एक, ज्यावर माझे तेव्हाच्या अधिकाऱ्यांशी पटले नव्हते. जुनी लस सापडली म्हणून कुणाला नोटीस देऊ नये. नोटिशीची भीती असली की माणूस व्हायल दाखवत नाही, ओततो. आमच्या एका साहेबांचे म्हणणे होते की धाक हवाच. त्यांनी तो कंपाउंडर पाहिला नव्हता.

तपासणीत काय सापडले ते लोकांनाही कळावे. किती ठिकाणी गेले, किती ठिकाणी जुनी लस मिळाली, एवढे दोन आकडे जिल्हावार आपल्यासारख्या वृत्तपत्रांत छापून आले असते तर पालकांनीच आपापल्या डॉक्टरांना विचारले असते. मी दिलेल्या अहवालाचे पुढे काय झाले, हे मला कुणी कळवले नाही.

माझे नाव कृपया छापू नये. ते डॉक्टर अजून तिथेच आहेत, माझ्या नातवाला आम्ही त्यांच्याकडेच नेतो, आणि मागच्या वेळी त्यांच्या फ्रिजमध्ये ताकाचे पातेले नव्हते.

आपली,
एक निवृत्त परिचर्या शिक्षिका, परभणी