ऑपरेशन झालं, ताटाचं काय?

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

वजन कमी करण्यासाठी माझं स्लीव्हचं ऑपरेशन झालं, म्हणजे जठराचा मोठा भाग काढून टाकला. वजन उतरलं, शुगर आटोक्यात आली. तक्रार आहे ती नंतरच्या जेवणाची. डिस्चार्जसोबत हातात पडलेला आहाराचा कागद इंग्रजीत होता आणि त्यात ब्रोकोली, ॲव्होकाडो, ग्रीक योगर्ट. पिठलं-भाकरीचा कुठे पत्ता नाही.

मग घरचे आपल्या परीने करतात. पातळ आहाराचे दिवस संपले तरी सासूबाई वरणाचं वरचं पाणीच देत राहिल्या, ताकद येते म्हणून. दिवसाला निदान ६० ग्रॅम प्रथिनं हवीत आणि वाटीभर घट्ट वरणातही ती जेमतेम सहा-सात ग्रॅम. डाळ तळाशी राहिली तर वर उरतं काय? हळदीचं पाणी! जठर राहिलेलं शे-दीडशे मिलीचं, म्हणून जेवताना पाणीही प्यायचं नाही, नंतर अर्धा तास थांबायचं. हे मला समजलं ते दुसऱ्या एका पेशंटकडून.

सगळ्यात दगा देते ती मऊ पोळी. तिचा लगदा होतो, घास छातीत अडकतो, तोंडात लाळ दाटते आणि भर पंगतीतून उठून बेसिन गाठावं लागतं. वर यजमानीणबाई विचारणार, "आवडलं नाही का?" ताकात कुस्करलेली ज्वारीची भाकरी मात्र सुखाने जाते. ज्यांचं जठराचं बायपास ऑपरेशन झालंय त्यांना गोडाचं भय: बासुंदीची वाटी रिचवली की दरदरून घाम, धडधड, चक्कर.

विमा नियामकाच्या २०१९ च्या नियमांनुसार बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, तो आकडा) ४० किंवा जास्त असेल, किंवा किमान ३५ आणि सोबत गंभीर आजार, तर ऑपरेशन पॉलिसीत बसू शकतं. पण बी-१२, लोह, कॅल्शियमच्या जन्मभराच्या गोळ्या, रक्ततपासण्या, आहारतज्ज्ञाची फी बहुतेकांना खिशातूनच भरावी लागते. पैशाची ओढाताण झाली की आधी गोळ्या बंद होतात, मग पायांना मुंग्या येऊ लागतात. विमा केंद्राचा विषय असेल, जिल्हा रुग्णालयं तर आपली आहेत ना? तिथे आठवड्यातून एक दिवस आमच्यासाठी आहारतज्ज्ञ बसवा, गोळ्या तिथेच मिळू द्या.

आणि एक मराठी पत्रक काढा, आमच्यासारख्यांना विचारून. अंडं, पिठलं, मासळीचं कालवण, ताक कधीपासून आणि किती, ते त्यात असू द्या. उलट्या थांबत नसतील तर थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) कमी पडून नसांना, मेंदूला इजा होऊ शकते, वाट न पाहता दवाखाना गाठा, ही ओळ पहिल्याच पानावर ठळक छापा.

आपली,
एक रुग्ण