आजीला आत बसवलंस त्या दिवसाबद्दल

चिनू,

हे मी कंपनीच्या बसमध्ये मोबाईलवर टाइप करतोय, चाकण यायला अजून पाऊण तास आहे आणि शेजारचा माणूस माझ्या खांद्यावर झोपलाय, त्यामुळे शुद्धलेखन बघू नकोस. समोर बसून बोललो असतो पण समोर बसलं की तू "हो पप्पा, बरं पप्पा" करून विषय गुंडाळतेस, मग माझा आवाज चढतो, मग आई मध्ये पडते. ते नको.

तुझ्या वाढदिवसाचं बोलायचंय. आता रागावलेलो नाही. त्या दिवशी होतो, खोटं कशाला बोलू.

आजी सकाळपासून वांगी भाजत होती. गावाकडे कपाशीच्या काड्या पेटवून भाजतात, इथे गॅसवर, घरभर धूर, आणि वांगी पण तिने जळगावहून गाडीत मांडीवर पिशवी ठेवून आणलेली कारण पुण्यात मिळतात त्याला ती वांगी म्हणायलाच तयार नाही. मग बडगीत, म्हणजे त्या लाकडी उखळात, घालून ते ठेचणं सुरू झालं तर खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या, भिंत फोडताय का विचारायला. एवढं सगळं कशासाठी तर चिनूच्या मैत्रिणी येणार. आणि पाच वाजता बेल वाजायच्या आधी तू तिला हळूच म्हणालीस, "आजी तू आतच बस ना, तू बोललीस की त्या हसतात." मी फुगे बांधत होतो, मला ऐकू आलं. ती काही न बोलता आत गेली. मी चहा घेऊन गेलो तर लाइट न लावता पलंगाच्या कडेला बसलेली, मला विचारते, "पोरी जेवल्या का रे?" पोरी पिझ्झा खात होत्या. भरीत फ्रीजमध्ये गेलं. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला नेलं, दहा मिनिटांत डबा चाटून पुसून साफ, पण ते आजीला सांगून काय उपयोग, तिने ऑफिसवाल्यांसाठी केलं नव्हतं.

मला माहितीये हे कुठून आलं. जूनमध्ये शाळा सुरू झाली त्या पहिल्याच आठवड्यात मधल्या सुट्टीत तू म्हणालीस "मले एक केयं दे ना", केळं मागितलंस, आणि तेव्हापासून तू वर्गात केयं. आईने सांगितलं मला, तू नाही सांगितलंस. सहावीपर्यंत जी पोरगी दिवसभर "खेळू राहिली, जेवू राहिली, येऊच राहिली ना" करत अख्खी गल्ली डोक्यावर घ्यायची ती दिवाळीपर्यंत "करतीये, जातीये" बोलायला लागली. आता खरं सांगू का, ही पुण्याची पोरं तरी कुठे पुस्तकातलं बोलतात, ते "करतीये" कुठल्या व्याकरणात लिहिलंय मला दाखव. पण त्यांचं बोलणं म्हणजे मराठी आणि आपलं म्हणजे कॉमेडी, असं कधी ठरलं कोणास ठाऊक.

तुला वाटेल आता पप्पा बहिणाबाईंवर येणार. येतोच, पण दोनच वाक्यं. आसोद्याची बाई, 1880 चा जन्म, 1951 ला गेली, लिहिता वाचता येत नव्हतं, गाणी मुलाने आणि त्याच्या मावसभावाने ऐकून ऐकून उतरवली, आणि ती सगळी आजीच्याच बोलीत, म्हणजे ज्या "डोया"ला तुझा वर्ग हसतो तोच शब्द कवितेत आला की त्याच पोरांना पाठ करावा लागतो. आणि 2018 ला आपल्या जळगावच्या विद्यापीठाला तिचं नाव दिलं. झालं, संपलं माझं भाषण. हे ऐकून मधल्या सुट्टीत तुला काडीचा फायदा होणार नाही हे मला कळतं, तिथे कोणी विद्यापीठ विचारत नाही.

म्हणून दुसरी गोष्ट सांगतो, ही आईला पण नीट माहीत नाही. 1996 ला मी इंजिनिअरिंगला पुण्यात आलो, होस्टेलच्या मेसमध्ये पहिल्या रात्री म्हणालो, "मावशी, मले एक पोयी वाढा." अख्खं टेबल हसलं. चार वर्षं माझं नाव पोयी होतं चिनू. तुझं केयं, माझं पोयी, चांगला मेनू झालाय आपला. मी रात्री बाथरूममध्ये आरशासमोर उभं राहून मला, तुला, पोळी, डोळा, शाळा, पाणी, कोण, असं घोकायचो, इंग्रजीपेक्षा जास्त मेहनत मी त्या ळ आणि ण वर घेतली. पहिल्या थंडीत आजी महाराष्ट्र एक्सप्रेसने मला भेटायला आली. होस्टेल बघायचं होतं तिला, पोरगा कुठे झोपतो ते. मी म्हणालो होस्टेलवर लेडीज अलाउड नाहीत. होत्या. खाली भेटायची खोली होती, सगळ्यांच्या आया यायच्या. मी स्टेशनच्या बाकावर बसून तिच्यासमोर भरीत आणि कळण्याची भाकरी खाल्ली, तिने डबा पुसून पिशवीत ठेवला आणि ती निगडीला मामांकडे निघून गेली. तिला कळलं होतं का? मी अजून विचारलेलं नाही. एकोणतीस-तीस वर्षं झाली.

आणि अजून काय करतो मी माहितीये, तू रोज बघतेस. गावाहून फोन आला की गॅलरीत जातो आणि दार ओढून घेतो. बाहेर "हा बोल भो, काय म्हनतो" आणि आत आलो की एकदम न्यूज चॅनेल. मी तुला कधी म्हणालो नाही की आपलं बोलणं लपव, पण दार कोण लावतं घरात? मग तू आजीला आत बसवलंस तर तुला कोणत्या तोंडाने ओरडू. तू माझंच दार लावलंस.

पण एका गोष्टीचं मात्र मला जास्त लागलंय, आजीपेक्षा पण. गेल्या महिन्यात लातूरचा तो नवीन मुलगा आला ना तुमच्या वर्गात, तू जेवताना त्याची नक्कल केलीस, "काय करूलालास, कुठं जाऊलालास," काय हुबेहूब केलीस, मी पोट धरून हसलो, आई हसली. आजी नाही हसली. ती म्हणाली, "मंग त्यानं इचारलं तं काय चुकलं त्याचं?" आणि आपण सगळे भाजी वाढा, ताक घ्या करायला लागलो. नंतर भांडी घासताना माझ्या लक्षात आलं की तो मुलगा आल्यापासून तुला केयं म्हणणं कमी झालंय. तुला मोकळं वाटत असेल, मला पण वाटलं असतं. माझ्या वेळी सेकंड इयरला गडचिरोलीचा एक जण आला होता, त्याला नाव मीच ठेवलं होतं. काय ठेवलं ते नाही सांगणार, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

बाकी तुझ्या कशालाच माझी ना नाही. ती अठराशेची पाण्याची बाटली घेतली, विषय संपला (पाणी तेवढंच गार राहतं पण असो). केस तसे कापायचेत तर काप. कोरियन गाणी ऐक, मला त्यातलं एक आवडतं पण, कुठलं ते ओळख. शाळेत "करतीये" म्हण, पेपरात पुस्तकातलं लिही, मार्क त्याचेच मिळतात. दोन्ही बोलता येणं चांगलंच आहे, आजीला एकच येतं आणि बँकेत तिला कसं बोलतात ते मी पाहिलंय. मैत्रिणी हव्यातच, सातवीत एकटीने डबा खाणं काय असतं ते मला माहितीये, कोणी शूर व्हायला सांगत नाहीये तुला. फक्त त्या मुलाची नक्कल वर्गात करू नकोस. घरात पण नको, मला हसू येतं.

आजी रविवारी परत चाललीये. मी तिला ते होस्टेल दाखवायला नेणार आहे आधी, बाहेरून का होईना, आणि तिथे तिला काय ते सांगणार आहे. यायचं तर ये, क्लास असेल तर राहू दे.

बस आली चाकणला. उद्या डब्यात शेवभाजी देऊ की सँडविच ते रात्री फ्रीजवर लिहून ठेव, आई सहाला उठते. सँडविच लिहिलंस तरी चालेल.

पप्पा