लॅबमधल्या काकांना

काका, नमस्कार.

माझ्या जर्नलमध्ये पानोपानी मॅडमची सही आहे, तुमचं नाव मात्र कुठेच नाही. म्हणून हे पत्र.

जेनेटिक्सच्या तासाला सगळं सोपं वाटायचं. मेंडेलचे ५,४७४ गोल वाटाणे, १,८५० सुरकुतलेले. मी 'तीनास एक' लिहून मोकळी व्हायचे. प्रॅक्टिकलला माझा ड्रोसोफिलाचा, म्हणजे फळमाशीचा, क्रॉस (संकर) फसला. मादी खुरट्या पंखांची, नर लांब पंखांचा. पहिल्या पिढीत झाडून सगळ्या माश्या लांब पंखांच्या निघायला हव्या होत्या. माझ्या बाटलीत अकरा खुरट्या! सबमिशनला जेमतेम महिना होता आणि मी मैत्रिणीच्या जर्नलमधले आकडे उतरवायच्या बेतात होते.

तुम्ही रागावला नाहीत. एवढंच विचारलंत, "बाटली रिकामी कधी केली होतीस?"

रिकामी? 'व्हर्जिन मादी घ्यावी', म्हणजे मीलन न झालेली, ही ओळ मी वाचली होती, पण दिसली ती मादी उचलली होती. कोशातून निघाल्यावर आठेक तासांतच तिचं मीलन होऊ शकतं आणि नराचे शुक्राणू ती साठवून ठेवते, हे तुम्ही सांगितलंत. म्हणजे त्या अकराजणींचा बाप माझ्या बाटलीत नव्हताच.

दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी तुम्ही सकाळी सातला आलात. बाटलीतल्या सगळ्या माश्या काढल्यात, चिकटपट्टीवर वेळ लिहिलीत. दुपारी दोनच्या आत ज्या नव्या निघाल्या, त्यांतल्या माद्या आपण ब्रशने वेचल्या. त्यांच्या फिकट पोटातून दिसणारा गडद ठिपका तुम्ही भिंगाखाली दाखवलात. नुकत्या बाहेर पडलेल्या माशीची ती खूण. माश्यांना गुंगी आणणारं ईथर जास्त झालं की पंख ताठ उभे राहतात, मग ती माशी गेलीच समजायची, हेही तेव्हाच कळलं. (लांब पंखांचे चार नर मी त्या दिवशी मारले. तुम्ही मॅडमना सांगितलं नाहीत.)

दुसऱ्या पिढीत २६८ माश्या मोजल्या. २०७ लांब, ६१ खुरट्या. तंतोतंत तीनास एक नाही, पण तेवढा फरक निव्वळ योगायोगाचा असू शकतो का हे तपासणारा काय-स्क्वेअर ०.७२ आला, ३.८४ या मर्यादेच्या पुष्कळ आत. आकडे होते तसेच लिहिले.

फसलेल्या क्रॉसचं पानही फाडलं नाही. तुमच्या अक्षरातली 'सकाळी ७.००' ची चिकटपट्टी बाटलीवरून सोडवून मी त्याच पानावर लावली आहे.

तुमची,
चार नर मारणारी विद्यार्थिनी