तात्या, पितळ कोणी गुलाबी कागदात बांधतं का?

तात्या,
स. न. वि. वि.

तुमच्याकडे साधा फोन आहे आणि तोही कानाला लावताना तुम्ही नाराजच असता, हे मला माहीत आहे. त्यामुळे हे पत्र सूनबाई वाचून दाखवतील या भरवशावर लिहितेय. चारचौघांत लिहितेय तेही मुद्दाम. तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "असू दे, असू दे" म्हणत फुंकणी तोंडात धरता, मग पुढे बोलायची सोयच राहत नाही.

बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. तात्या सांगलीत सोनारकाम करतात. मी मिरजेत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करते आणि रात्री जेवणं उरकली की विमानं बांधते. छोटी, मापाबरहुकूम. सध्या टेबलावर आहे ते डी हॅविलँड कंपनीचं पुस मॉथ. आपला आयर्विन पूल खुला झाला त्याच वर्षी, १९२९ मध्ये, हे विमान पहिल्यांदा उडालं. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे जुहूला उतरले, ते याच जातीच्या विमानातून. खऱ्या विमानाचा पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत ११.२ मीटर. माझं एकास अठ्ठेचाळीस प्रमाणातलं, म्हणून एका वितीत बसतं. खऱ्याच्या पायातली इंचभर जाडीची नळी माझ्याकडे येईपर्यंत अर्ध्या मिलिमीटरची होते. एवढं बारीक प्लास्टिक वजन पेलत नाही. पाय फाकतात आणि विमान बसकण मारतं. म्हणून धातू.

पुस मॉथच्या पायात एक गंमत आहे. चाकाचा धक्का खाणारा जो दांडा असतो, त्यावर एक चपटं कवच असतं, पातळ कड वाऱ्याकडे केलेलं. उतरायच्या वेळी वैमानिक आत बसल्या बसल्या ते कवच नव्वद अंशांत फिरवायचा. मग रुंद बाजू वाऱ्याला आडवी यायची आणि विमानाचा वेग मोडायचा. ब्रेकच तो, पण हवेतला. मला माझ्या मॉडेलवर ते कवच फिरणारं हवं होतं, नुसतं दिसायला नको होतं. तीन-साडेतीन मिलिमीटर रुंदीचं पितळी कवच, त्याच्या आत पितळी नळी, नळीच्या आत फिरायला सुई. सुयांचं मला नवल नाही. बावीस गेजची सुई बाहेरून ०.७ मिलिमीटर, तीस गेजची ०.३, हे लॅबवाल्यांना झोपेत विचारलं तरी सांगता येतं. (कोऱ्या सुया, विकत आणलेल्या. उगाच कोणी काळजी करू नये.) अडलं होतं ते तेवढी बारीक नळी करण्यापाशी आणि तिला डाख देण्यापाशी, म्हणजे धातू वितळवून सांधा जोडण्यापाशी.

आता ज्यांनी केलं नाही त्यांच्याबद्दल. नावं घेत नाही, त्यांचं त्यांना कळेल.

काचेच्या दाराच्या एका मोठ्या पेढीत आधी खुर्ची मिळाली, पाणी आलं. पितळेचं काम आहे म्हटल्यावर पाण्याचा ग्लास मी ओठाला लावायच्या आत परत गेला. एका वर्कशॉपवाल्यांनी माझं ड्रॉइंग उलटसुलट करून पाहिलं आणि "हजार नग असतील तर बोला, एवढ्याशासाठी मशीन लावत नाही" म्हणाले. बारीक पितळी नळी म्हणून मागवलेलं पार्सल उघडलं तर त्यातून टॉवेल वाळत घालायच्या जाडीचा दांडका निघाला. हे सगळे ठीक आहेत. नाही म्हणणाऱ्याचा मला राग येत नाही, त्याला त्याचा धंदा आहे. राग आहे तो एका हो म्हणणाऱ्याचा. माझ्याच छंदातले, वयानं आणि अनुभवानं मोठे. "आणून दे, दोन दिवसांत करतो" म्हणाले. पत्रा आणि ड्रॉइंग पावसाळ्यात त्यांच्याकडे गेलं, दिवाळीचा फराळ संपला तरी तिथंच. पुढे फोन उचलणंही बंद झालं. मागून कानावर आलं की "हौशी बायका आहेत, चार दिवसांत विसरतील" असं ते कोणाला तरी बोलले. विसरले नाही, दादा. पत्रा तेवढा परत पाठवा.

तुमच्याकडे मला पाठवलं ते मिरजेच्या सतारमेकर गल्लीतल्या एका तंबोरेवाल्यांनी. मी त्यांच्याकडे तारा घ्यायला गेले होते. विमानाच्या कंट्रोलच्या केबलींना तंबोऱ्याच्या पोलादी तारेसारखी वस्तू नाही, सरळ आणि गुळगुळीत. खर्जाची पितळी तार पाहून मी विचारलं, हिची नळी होईल का? ते हसले नाहीत. म्हणाले, "तार आमच्याकडे मिळेल. नळीचं आणि डाखाचं काम सोनाराचं. सांगलीत सराफ कट्ट्याकडे जावा, जुनी डागडुजी करणारं कोण असंल त्याला गाठा. शोरूममध्ये जाऊ नका." शोरूमचा अनुभव माझ्या तोंडावर लिहिलेला असावा.

तात्या, तुमच्या दुकानाची पायरी चढताना मी नकाराची तयारी ठेवूनच चढले होते. तुम्ही कोणाच्या तरी कुडक्यांच्या फिरक्या बसवत होता. माझं ड्रॉइंग घेतलं, डोळ्याची काच त्यावर धरली आणि विचारलंत, "हे विमानात काय काम करतं?" मी सांगितलं. तुम्ही कागद तसाच धरून हाताचा पंजा वाऱ्यात आडवा-उभा करून पाहिलात. मग म्हणालात, "पितळ आहे होय. मग आत्ता न्हाई. पितळंचा कीस सोन्याच्या किसात मिसळला तर झारेकरी माझ्या नावानं शंख करील. संध्याकाळी दुकान आवरायच्या टायमाला या. तवा जागा साफ असती."

त्या पेढीलाही पितळ नको असण्याचं हेच कारण असणार, हे मला तेव्हा कळलं. कारण खरंच आहे. सोनाराच्या दुकानातला केरसुद्धा धुऊन झारेकरी सोनं काढतात, त्यात भलता धातू कोणाला चालेल? अडचण तुमचीही तीच होती. तुम्ही तिच्यातून एक वेळ काढून दिलीत.

कामाचं फार लिहीत नाही. ज्यांना शिकायचं आहे त्यांनी एखाद्या सोनाराशेजारी बसावं, लिहून ते कळणार नाही. पण दोन गोष्टी लिहिल्याशिवाय राहवत नाही. पहिली, नळी. जी मी बाजारात शोधत हिंडत होते ती तुम्ही समोर बसून जन्माला घातलीत. पत्र्याची चिंचोळी पट्टी कापली, तिला पन्हाळीसारखा बाक दिला, टोक निमुळतं केलं आणि जंतरातून, म्हणजे लहान होत जाणाऱ्या भोकांच्या पट्टीतून, ओढली. एकेका लहान भोकातून जाताना पट्टीच्या कडा जवळ येत गेल्या आणि शेवटी मिटल्या. मधेमधे ती कडक व्हायची, मग तापवून नरम करायची, पुन्हा ओढायची. "ओढून ओढून धातू रागाला येतो, त्याला जरा शेकावं लागतं," हे तुमचं वाक्य मी घरी भिंतीवर लिहून ठेवलंय.

दुसरी, गेरू. नळी कवचाला एकदा डाखली की वरच्या बिजागरीला डाख देताना पहिला डाख वितळून सुटणार, ही माझी जुनी डोकेदुखी. तुम्ही पहिल्या सांध्यावर पाण्यात कालवलेला गेरू लावलात आणि दुसरीकडे टाकणखार. टाकणखार असतो तिथं डाख धावतो, गेरू असतो तिथं तो जात नाही. एवढंच! इतके महिने मी काय काय वाचत बसले होते आणि उत्तर तुमच्या पुढ्यातल्या वाटीत होतं. ज्योत तुम्ही जाड भागाकडे धरलीत, पातळ पत्र्याकडे वळवलीसुद्धा नाहीत, तरी डाख बरोबर पत्र्याच्या कडेनं पळाला. फुंकणीत श्वास किती सोडायचा हे गालांना कळतं म्हणता, ते खरं असावं. माझ्या गालांना अजून कळलेलं नाही.

मधल्या वेळात मी टाटांची गोष्ट सांगितली. अहमदाबादला विमानासाठी पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आणले होते, हे ऐकून तुम्ही फुंकणी खाली ठेवून हसलात. "म्हणजे विमानाच्या आधी बैल," असं म्हणालात.

आता खरी गोष्ट. काम झालं. पाय थंड झाले, स्वच्छ झाले, कवचं फिरायला लागली. मी पर्समधून प्लास्टिकची डबी काढली. तुम्ही "थांबा" म्हणालात. दोन्ही पाय काट्यावर ठेवले. पितळ! दिवसभर सोनं तोलणाऱ्या काट्यावर. वजन पाहिलंत, चिठ्ठी घेतलीत आणि लिहिलंत: "विमानाचे पाय, २ नग, पितळ, ०.३१० ग्रॅम." खाली मजुरी. मग गल्ल्याशेजारच्या गठ्ठ्यातून तो गुलाबी कागद काढलात, ज्यात सोनं बांधतात तोच. पाय मध्यभागी ठेवले, कागदाची घडी, पुन्हा घडी, टोक आत. चिकटपट्टी नाही, दोरा नाही, तरी सुटणार नाही अशी.

ती घडी माझ्या ओळखीची आहे. माझ्या आईची बोरमाळ ओवून यायची ती याच घडीत. आई ती पुडी लगेच उघडायची नाही, आधी देवापुढे ठेवायची. गुलाबी कागद म्हणजे आत काहीतरी मोलाचं, असं आमच्या घरात लहान पोरालाही कळायचं. तुम्ही माझ्या पितळेला तो कागद दिलात. सवयीनं दिलात का? मला तसं वाटत नाही. काउंटरवर प्लास्टिकच्या पिशव्या होत्या, मी पाहिल्या होत्या. ग्लास परत नेणाऱ्यापासून ते फोन न उचलणाऱ्यापर्यंत सगळ्यांनी जे खेळणं ठरवलं होतं, ते तुम्ही तोललंत, चिठ्ठीवर चढवलंत आणि दागिना म्हणून हातात दिलंत. मी "येते" एवढंच बोलले, कारण त्याहून जास्त बोलले असते तर दुकानातच रडले असते. स्टँडवर येऊन रडले.

आणि तुम्ही मजुरी घेतलीत, याचेही आभार. रास्त घेतलीत, मोजून घेतलीत. फुकट केलं असतंत तर ते मला बाईचे लाड वाटले असते. तुम्ही कामाचे पैसे लावलेत, म्हणजे ते काम होतं.

तुमच्यासारखी माणसं मोजायला बसले की बरीच निघतात. रक्त द्यायला आलेल्या घाबरट म्हातारीचा हात धरून बसणारा आमच्या लॅबमधला शिपाई. गिऱ्हाईक आपलं नाही हे कळल्यावर ज्याचं आहे त्याचा पत्ता सांगणारे ते तंबोरेवाले. यांना कोणी पुरस्कार देत नाही, त्यांचे फ्लेक्स लागत नाहीत. फ्लेक्स कोणाचे लागतात ते आपण चौकाचौकात बघतोच. पण आपलं रोजचं चालतं ते यांच्यावर.

असो. पाय बसले. विमान उभं आहे, सरळ. कवलापूरच्या विमानतळाच्या माळावर खरं विमान उतरेल तेव्हा उतरेल, आमच्या जेवणाच्या टेबलावर तर पुस मॉथ उतरलंय. नवरा आता ताट ठेवताना विचारून ठेवतो.

रविवारी या. काकूंना, सूनबाईंना आणि नातवाला घेऊन या. पोरगं विमान उचलणारच, उचलू दे, फक्त पंखाला धरू नको म्हणावं, पोटाखाली हात घालायचा. कवच फिरवून तुम्हीच त्याला दाखवा. आणि येताना ते बारकं जंतर जमलं तर पिशवीत टाका. दाराच्या मुठी राहिल्यात, तांदळाच्या कणीएवढ्या. त्यांची मजुरी तेव्हाच ठरवू.

तुमची,
विमानवाली